प्रोस्टेटचे ऑपरेशन आणि आपली लाज

गेल्या ६ डिसेंबरची गोष्ट आहे. आमच्या भागातील एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, नेहमीप्रमाणे चैत्यभूमीला निघाले. वय ७२. १९७९ च्या लाँग मार्चमध्ये दीक्षाभूमीवरून पायी निघालेल्यांपैकी ते एक. नामांतराच्या लढ्यात दोन वेळा तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्या दिवशी मी शाळकरी पोरगा होतो आणि मोठ्या माणसाला आनंदाने रडताना मी पहिल्यांदा पाहिले ते काकांनाच. अशा माणसाने अकोल्याला गाडीत बसल्यापासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, संडासाच्या दारातही माणसे बसलेली. कोणी विचारले तर "तहान नाही" म्हणायचे. खरे कारण वेगळे होते. पाणी प्यायले की लघवी लागते, आणि लघवीला गेले की दहा-दहा मिनिटे उभे राहावे लागते. बाहेर रांग लागते, लोक दार वाजवतात.

दादरला उतरून आम्ही शिवाजी पार्ककडे निघालो, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. ओटीपोट दगडासारखे घट्ट. लघवीची प्रचंड भावना, आणि थेंब येत नाही. वैद्यकीय मदत कक्षातल्या तरुण डॉक्टरने पोटाला हात लावताच सांगितले, लघवी तुंबली आहे, ताबडतोब नळी टाकावी लागेल. रुग्णालयात नळी टाकली तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली. अभिवादनाच्या दिवशी काका रुग्णालयाच्या खाटेवर पडून होते आणि मला परत परत एकच सांगत होते, "वकीलसाहेब, मंडळातल्या पोरांना सांगू नका. चक्कर आली म्हणा."

मी त्या दिवशी ते ऐकले. मंडळातल्या पोरांना चक्कर आली असेच सांगितले. आज मला वाटते ते माझे चुकले, आणि म्हणूनच काकांची रीतसर परवानगी घेऊन हा लेख लिहीत आहे.

लाँग मार्चमध्ये पोलिसांच्या लाठ्यांना न भिणारा माणूस लघवीची तक्रार सांगायला भितो, हे कोडे आपण सोडवले पाहिजे. चार वर्षांपासून त्यांना त्रास होता. रात्री पाच-पाच वेळा उठणे, धार बारीक होणे, जोर लावावा लागणे, होऊन गेल्यावरही झाली नाही असे वाटणे. काकूंनाही माहीत नव्हते. रात्री उठतात ते शुगरमुळे, असे त्या समजत होत्या. आणि या चार वर्षांत काकांनी उपचार केला नाही असेही नाही. हायवेला तंबू ठोकून बसलेल्या एका वैद्याकडून त्यांनी तीन हजार रुपयांच्या पुड्या घेतल्या होत्या. तंबूवर मर्दानी ताकदीची पाटी होती. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला, गावातला अंगारा-धुपारा बंद करणारा आमचा काका त्या तंबूत शिरला, कारण तिथे ओळखीचे कोणी भेटणार नव्हते! लाज माणसाला भोंदूच्या दारात नेऊन उभी करते. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. काही ठरावीक आजार बरे करतो अशी जाहिरात करणे त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या आजारांच्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते की पुरुष या दुखण्यासाठी कुठे कुठे फसतात.

दुखणे तसे साधे आहे. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती पुरुषाला एक ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी. वय वाढते तशी ती वाढते आणि नळी आवळली जाते. पन्नाशी ओलांडून साठीकडे गेलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सुरू झालेली असते, ऐंशीच्या घरात ती बहुतेकांत सापडते. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. ज्यांना होतो त्यांपैकी अनेकांचे गोळ्यांवर भागते. काकांनी चार वर्षांपूर्वी साध्या सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड उघडले असते तर कदाचित त्यांचेही भागले असते. आता मात्र गोळ्या देऊन, काही दिवसांनी नळी काढून पाहिली, पुन्हा तुंबली, पुन्हा नळी. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. दुर्बिणीचे ऑपरेशन. पोटावर टाका नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग आतून खरवडून काढतात, तुकडे तपासणीला पाठवतात, दोन-तीन दिवस नळी ठेवतात.

हे सगळे इथे उघडपणे छापण्याची जागा आहे काय, असे काही वाचक विचारतील. त्यांना मी १९३४ सालची आठवण देतो. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला होता. गुन्हा काय, तर वाचकांनी शरीराविषयी, लैंगिक प्रश्नांविषयी विचारलेल्या शंकांना त्यांनी छापील उत्तरे दिली. सभ्य म्हणवणारा समाज कर्व्यांपासून दूर पळत होता, तेव्हा त्यांच्या बाजूने मुंबईच्या कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयीच्या प्रश्नाला शास्त्राने उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी भर कोर्टात घेतली. आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो, आणि त्यांनी ज्या मोकळेपणासाठी वकीलपत्र घेतले त्याला लाजतो!

काकांशी यावर माझा वाद झाला. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी तरी कुठे आजाराला किंमत दिली? काम आधी, तब्येत मागून." काका वाचणारे आहेत, त्यांना पुरावा माहीत होता. १० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, की प्रकृती मला आणि माझ्या डॉक्टरांना काळजीत टाकते आहे, डॉक्टरांच्या हाती स्वतःला सोपवण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. मी म्हटले, "काका, पत्र तुम्ही अर्धेच वाचता. काम आधी ठेवले हे खरे. पण आजार आहे हे त्यांनी कोणाला लिहिले? देशाच्या पंतप्रधानाला, लेखी. तुम्ही काकूंना सांगितले नाही." यावर काका काही बोलले नाहीत. वकिली करताना समोरचा गप्प बसला की बरे वाटते, त्या दिवशी वाटले नाही.

आपल्या धम्मात तर आजारी माणसाने काय करावे हे सांगून ठेवले आहे. विनयपिटकातल्या महावग्गातील तो प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि संघाला जाब विचारला. धम्मप्रवचनात हा भाग सांगतात. त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तिथे सेवा करायला अवघड असा रुग्ण कोणता हेही सांगितले आहे. जो अपथ्य करतो, पथ्याचेही प्रमाण राखत नाही, औषध घेत नाही, वेदना सोसत नाही, आणि जो सेवा करणाऱ्याला आपले दुखणे आहे तसे सांगत नाही. वाढले असेल तर वाढले, कमी असेल तर कमी, जसे असेल तसे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या कोणत्याही भूलतज्ज्ञाला वाचून दाखवा, तो मान डोलावेल.

कारण ऑपरेशनपूर्वीच्या तयारीत काकांनी तीन गोष्टी लपवल्या, आणि तिन्ही अंगाशी आल्या असत्या.

पहिली गोष्ट गोळ्यांची. काकांच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितले की ऑपरेशनच्या आधी अशा गोळ्या बंद करतात, नाहीतर रक्त थांबत नाही. झाले! काकांनी दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. कोणाला सांगितले नाही. स्टेंट असलेल्या माणसाने असे करणे म्हणजे हृदयविकाराला आमंत्रण. योगायोगाने काकूंनी गोळ्यांची पाकिटे मोजली आणि प्रकार उघडकीला आला. मग हृदयाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागदावर लिहून दिले, एक गोळी ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद, दुसरी चालूच ठेवायची. हे त्यांच्यापुरते आहे, दुसऱ्याने याची नक्कल करू नये. ज्याने ऑपरेशन करायचे तो आणि ज्याने हृदय पाहिले तो, या दोघांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे, शेजारच्या खाटेने नव्हे.

दुसरी गोष्ट खर्र्याची. विदर्भातल्या वाचकांना खर्रा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले, तंबाखू खाता का? काका म्हणाले, कधी काळी खात होतो. बाई म्हणाल्या, तोंड उघडा. दोन बोटे जेमतेम जातील एवढेच तोंड उघडले. बाईंनी पुन्हा विचारले नाही. या ऑपरेशनला बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देतात, रुग्ण जागा असतो. पण काही अडचण आली आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर घशात नळी घालावी लागते, आणि खर्र्याने आवळलेल्या तोंडातून ती घालणे किती अवघड जाते हे त्यांनी काकांना समजावून सांगितले. काकांनी त्या दिवसापासून खर्रा सोडला असे ते म्हणतात.

तिसरी गोष्ट तापाची. लघवीची नळी जास्त दिवस राहिली की जंतू शिरतात. रात्री हुडहुडी भरली होती, पण तारीख पुढे जाईल म्हणून काका बोलले नाहीत. लघवी तपासणीत जंतू निघाले. जंतुसंसर्ग असताना हे ऑपरेशन केले तर तेच जंतू रक्तात पसरू शकतात. तारीख पुढे ढकलली, योग्य ते अँटिबायोटिक दिले, पुन्हा तपासणी केली. सांगितले असते तर आठ दिवस आधीच औषध सुरू झाले असते.

आता माझ्या पेशाचा भाग. रक्ताच्या एका तपासणीत आकडा जास्त आला. ही तपासणी प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी करतात, पण नुसती ग्रंथी वाढली, लघवी तुंबली, नळी टाकली, जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा वाढतो. डॉक्टरांनी तसेच सांगितले, आताचा आकडा गृहीत धरता येत नाही, संसर्ग गेल्यावर पुन्हा करू, शिवाय ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे तपासले जातीलच. पण हे सांगितले कोणाला? पुण्याहून आलेल्या थोरल्या मुलाला, व्हरांड्यात. मुलाने डॉक्टरांना हात जोडून विनंती केली की बाबांना काही कळू देऊ नका. आणि संमतीपत्र आले तेही मुलाच्या हातात. इंग्रजीत छापलेले, दोन पाने, खाली बाणाची खूण. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "इथे सही करा, वेळ नाही." मुलगा पेन काढत होता.

मी कागद हातात घेतला. मुलाला राग आला, तो आजही थोडा आहे. पण कायदा स्पष्ट आहे. शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरावर काय करायचे याची संमती त्याचीच लागते. मुलाची, बायकोची, भावाची सही त्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हे ठरवून दिले आहे. त्या बाईंनी केवळ तपासणीच्या दुर्बिणीला संमती दिली होती. त्या भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितले, रुग्ण प्रौढ होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती ही संमतीच नव्हे. आणि खरी संमती कशाला म्हणावे हेही सांगितले. उपचार कोणता, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल असे सांगितल्यावर त्याने दिलेली संमती.

आता इथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. ज्यांच्या आज्यापणज्यांचे अंगठे सावकाराने कोऱ्या कागदावर घेतले, त्यांच्या घरात तरी न वाचता सही होता कामा नये. आपण शिकलो ते कशासाठी? पण रुग्णालयाच्या दारात आपला बी.ए., एम.ए. झालेला माणूसही पुन्हा अंगठेबहाद्दर होतो. एक तर इंग्रजीचा धाक, दुसरे पांढऱ्या कोटाचा. आणि डॉक्टरला प्रश्न विचारला तर तो चिडेल, हात आखडता घेईल, ही भीती. मी डॉक्टरांना दोष द्यायला बसलेलो नाही. त्या शिकाऊ डॉक्टरला ३० तास झोप नव्हती हे नंतर कळले. वरिष्ठ सर्जनना मी शांतपणे सांगितले की काकांना मराठीत समजावून सांगा, ते स्वतः सही करतील. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "उद्या राउंडला विचारू द्या त्यांना काय विचारायचे ते." भांडण लागले नाही. बहुतेक ठिकाणी लागत नाही. आपण विचारतच नाही.

राहिला प्रश्न आकडा सांगण्याचा. मुलगा म्हणाला, बाबा खचतील. मी म्हटले, हा माणूस तुरुंगात खचला नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्यांना सांगितले. काका थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अजून काही ठरलेले नाही. तुकड्यांचा निकाल येईपर्यंत मी निर्दोष." आणि हसले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, बापाच्या नाही.

त्या रात्री आम्ही प्रश्नांचा कागद तयार केला. काका सांगत, मी लिहीत. नळी किती दिवस राहील? रक्त किती दिवस जाईल, किती गेले तर धावत यायचे? शुगरची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची की नाही? उपाशी कधीपासून, पाणी कधीपर्यंत? मोटारसायकल कधी चालवता येईल? १४ एप्रिलला मिरवणुकीत चालता येईल काय? एवढे झाल्यावर काका थांबले. एक प्रश्न बाकी होता हे त्यांनाही कळत होते, मलाही. काकू तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा ना वकीलसाहेब, नवरा-बायकोच्या संबंधांचं काय होते ते. लाजता काय?" आणि मग काकूंनी जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. "माह्यं ऑपरेशन झालं तवा शायेत कॅम्प होता. बाकावर निजवलं. एका दिवसात पंचवीस बाया. मले कोणं काय इचारलं? कागद कोणता, कोणाची सही, मले आजपर्यंत माहीत नाही. तिसऱ्या दिवशी निंदाले गेली मी."

हे ऐकून काकाही खाली पाहू लागले आणि मीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुष नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी असूनही! आपल्या बायकांनी पोट उघडून घेतले, बाळंतपणे सरकारी वॉर्डात दहा अनोळखी माणसांसमोर केली, आणि आपण पुरुष लघवीची धार बारीक झाली हे सांगताना मरतो. चळवळीतला पुरुषही याला अपवाद नाही. स्त्रीमुक्तीवर भाषण करतो तोही.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण कार्यकर्त्यांना तो सांगता आला पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्याने २०२३ च्या निर्णयाने सर्व कुटुंबांसाठी खुली केली आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत नेले. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपले ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते काय हे दाखल होण्यापूर्वी त्याला विचारावे, बिल हातात आल्यावर नव्हे. काकांच्या रेशनकार्डावर जुने आडनाव आणि आधारवर नवे, असा घोळ निघाला. आपल्यात अनेकांनी धर्मांतरानंतर आडनावे बदलली, पण कागद सगळे बदलले नाहीत. घरी बसून आजच सगळ्या कार्डांवरची नावे जुळवून पाहा. तसेच धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कलम ४१ अअ. चकचकीत काचेच्या अनेक रुग्णालयांवर धर्मादाय ही पाटी आता लावलेली असते, ती वाचावी आणि आत जाऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. ही भीक नाही. त्या संस्थांनी धर्मादाय म्हणून सवलती घेतलेल्या असतात.

आणखी एक मागणी, ती आपल्याच लोकांकडे. जयंती, धम्म परिषद, मोर्चा, काहीही असो, मंडप किती फुटी, स्पीकर किती, पाहुण्यांचे हार किती याचे अंदाजपत्रक होते. मुतारी किती, हे त्यात नसते. पाच हजार माणसांच्या सभेत साठीपुढचे पुरुष किती असतात? ते दोन-दोन तास पाय आवळून बसतात किंवा येणेच बंद करतात, आणि आपण म्हणतो जुने कार्यकर्ते आता थंडावले. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी, त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पुढच्या कार्यक्रमाच्या बैठकीत काका हा विषय मांडणार आहेत, स्वतःच्या तोंडाने, असे त्यांनी मला सांगितले आहे.

आज सकाळी सर्जन राउंडला आले. काकांनी चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि एकेक प्रश्न वाचला. सर्जन उभ्या उभ्या उत्तरे देऊ लागले, तिसऱ्या प्रश्नाला स्टूल ओढून बसले. शेवटच्या प्रश्नाला काकांचा आवाज बसला, तेव्हा तो काकूंनी विचारला. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि लघवीवाटे निघून जाते, त्याने अपाय काही नाही. बाकी क्षमता होती तशीच बहुतेकांची राहते. महिना-दीड महिना थांबा, वजन उचलू नका, शौचाला जोर लावू नका, दहा-बारा दिवसांनी पुन्हा थोडे रक्त दिसले तर घाबरू नका पण फोन करा. मोटारसायकलही तोवर नको. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे घाव पाहून सांगतो. शेजारच्या दोन खाटांवरची माणसे कान देऊन ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर त्यांतल्या एकाने काकांकडे तो कागद मागितला.

मग काकांनी संमतीपत्रावर सही केली. ओळी माझ्याकडून मराठीत वाचून घेतल्या, पूर्ण नाव लिहिले, तारीख टाकली, वेळ टाकली. साक्षीदार म्हणून खाली मुलाने सही केली.

उद्या सकाळी पहिला नंबर त्यांचा आहे. रक्ताची सोय म्हणून मंडळातली तीन पोरे रात्रीच मुक्कामाला आली आहेत, त्यांना आता सगळे माहीत आहे. हा मजकूर मी काकांना वाचून दाखवला. नाव नको म्हणाले. खर्र्याचे आणि तंबूतल्या वैद्याचे काढून टाकू काय, असे विचारले, तर म्हणाले, "ते राहू द्या. तीन हजार रुपये गेलेत माझे."